रुग्णशय्या आणि प्रयोगशाळा

मोठ्या शहरांतील एखाद्या सार्वजनिक इस्पितळांत सकाळीं नऊच्या सुमारास वॉर्डांतून शिक्षक फिरूं लागतात आणि त्यांच्या मागोमाग दहा-बारा विद्यार्थी चालतात. एका खाटेपाशीं ही मंडळी थांबते. खाटेवर साठीच्या घरांतले एक गृहस्थ आहेत. त्यांचे डोळे हळदीसारखे पिवळे झाले आहेत, अंगाला खाज सुटली आहे, लघवी काळ्या चहासारखी होते आणि मळाचा रंग मात्र मातकट पांढरा पडला आहे. पोटांत दुखत मुळींच नाहीं. शिक्षक विद्यार्थ्यांना विचारतात, "कावीळ आहे हें यांच्या घरच्या मंडळींनींही ओळखलें. पण लघवी गडद आणि मळ पांढरा, असा उलटा प्रकार कां?" विद्यार्थी एकमेकांच्या तोंडाकडे पाहूं लागतात.

त्यांना उत्तर ठाऊक नसतें असें नाहीं. त्याचे तुकडे प्रत्येकाला ठाऊक असतात. दोन वर्षांपूर्वीं जीवरसायनाच्या तासाला बिलिरुबिन नांवाच्या द्रव्याची सारी वंशावळ त्यांनीं पाठ केलेली असते. त्याच वर्षीं शवविच्छेदनाच्या मेजावर पित्ताची नळी कोठून कोठें जाते हें त्यांनीं स्वतःच्या हातानें उलगडून पाहिलेलें असतें. आंतड्यांत स्निग्ध पदार्थांचें पचन कसें होतें, रक्त कसें गोठतें, हें इंद्रियविज्ञानांत झालेलें असतें. पण या चार गोष्टी चार निरनिराळ्या वह्यांत लिहिलेल्या असतात, चार निरनिराळ्या परीक्षांसाठीं त्यांची घोकंपट्टी झालेली असते, आणि परीक्षा संपतांच त्या वह्या माळ्यावर गेलेल्या असतात. वैद्यकीय शिक्षणांत मूलभूत शास्त्रें आणि रुग्णशय्येपाशीं होणारें शिक्षण यांचा समन्वय कसा साधावा, हा जो प्रश्न शंभराहून अधिक वर्षें जगभर चर्चिला जात आहे, त्याचें सारें मर्म या एका खाटेपाशीं सांपडतें. म्हणून प्रथम त्या काविळीचाच उलगडा करून पाहणें इष्ट होईल.

रक्तांतील तांबड्या पेशींचें आयुष्य सुमारें १२० दिवसांचें असतें. ज्यांचे दिवस भरले त्या पेशी मुख्यतः प्लीहेंत मोडल्या जातात. त्यांतलें लोह शरीर पुन्हा वापरण्यासाठीं ठेवून घेतें, आणि उरलेल्या रंगद्रव्यापासून आधीं हिरवट व मग पिवळें द्रव्य तयार होतें. ठेंच लागून काळानिळा पडलेला डाग कांहीं दिवसांनीं हिरवट आणि नंतर पिवळट दिसूं लागतो, तो याच क्रियेमुळें. मुलांच्या गुडघ्यांवर हा प्रयोग घरोघर चाललेला असतो. हें पिवळें द्रव्य म्हणजेच बिलिरुबिन. तें पाण्यांत विरघळत नाहीं. रक्तांतील अल्ब्युमिन या प्रथिनाच्या पाठीवर बसून तें यकृतापर्यंत पोहोंचतें. तेथें यकृत त्याला दुसऱ्या एका आम्लाची जोड देतें आणि मग तें पाण्यांत विरघळूं लागतें. पुढें तें पित्ताबरोबर नळीवाटे आंतड्यांत उतरतें, तेथील जंतु त्याचें रूपांतर करतात, आणि त्यांतूनच मळाला नेहमींचा तपकिरी रंग येतो.

आतां ही नळी खालीं कोठें तरी दाबली गेली अशी कल्पना करावी. यकृतानें आपलें काम चोख केलेलें आहे, द्रव्य विरघळण्याजोगें झालेलें आहे, पण त्याला वाट नाहीं. तें मागें फिरून रक्तांत शिरतें. आणि आतां तें पाण्यांत विरघळणारें असल्यामुळें मूत्रपिंडांतून सहज गळून लघवींत उतरतें. म्हणून लघवी गडद. आंतड्यांत तें पोहोंचतच नाहीं, म्हणून मळ पांढरा. उलट, तांबड्या पेशीच भराभर फुटत असल्यामुळें जी कावीळ होते तींत वाढलेलें द्रव्य न विरघळणारें असतें. तें लघवींत उतरूं शकत नाहीं, आणि मळाचा रंगही उडत नाहीं. एवढें ज्याला समजलें त्याला दोन प्रकारच्या काविळींची लक्षणें पाठ करावीं लागत नाहींत. तीं तो केव्हांही विचार करून सांगूं शकतो.

पण खाटेवरील गृहस्थांची गोष्ट येथेंच संपत नाहीं. पित्ताची मुख्य नळी आंतड्याला मिळण्यापूर्वीं स्वादुपिंडाच्या डोक्याला लागून, बहुधा त्यांत रुतूनच, जाते. शिक्षक रुग्णाच्या उजव्या बरगडीखालीं हात ठेवतात आणि विद्यार्थ्यांनाही ठेवावयास सांगतात. तेथें पेरूएवढी गुळगुळीत, न दुखणारी फुगवटी हाताला लागते. तें फुगलेलें पित्ताशय. बाझल येथील शल्यवैद्य कूर्व्हाझिए यानें १८९० सालीं दाखवून दिलें कीं, कावीळ असून पित्ताशय असें फुगलेलें लागत असेल तर त्याचें कारण खडे असण्याचा संभव कमी. कां? तर खड्यांनीं वर्षानुवर्षें घासून निघालेलें पित्ताशय आंखडतें, निबर होतें. त्याला फुगतां येत नाहीं. हें विकृतिविज्ञान झालें. मग नळी दाबणारें दुसरें काय असेल? शेजारीं स्वादुपिंडाचें डोकें आहे, हें शारीरशास्त्र सांगतें. आणि तेथील अर्बुदाची शंका घेऊन पुढील तपासण्या तांतडीनें करावयास हव्यात, हें वैद्यक सांगतें. शिवाय पित्त आंतड्यांत उतरत नसल्यामुळें स्निग्ध पदार्थ नीट शोषले जात नाहींत, त्यांच्याबरोबर येणारें 'के' जीवनसत्त्वही शरीराला मिळत नाहीं, आणि तें नसेल तर रक्त गोठविणारीं कांहीं द्रव्यें यकृताला तयार करतां येत नाहींत. ही सांखळी ज्याच्या ध्यानांत नाहीं तो शस्त्रक्रियेपूर्वीं रक्ताची गोठण्याची शक्ति तपासावयास विसरेल, आणि त्या विस्मरणाची किंमत रुग्णाला रक्तस्रावानें द्यावी लागेल.

कावीळ 'उतरविणारे' लोक महाराष्ट्रांत गांवोगांवीं आहेत. कोणी गळ्यांत माळ घालतो, कोणी हात धुवून पिवळें पाणी काढून दाखवितो. दूषित पाण्यामुळें होणारी जी कावीळ आहे ती बहुतेकांची आपोआप बरी होते, म्हणून या मंडळींना यशाचा तोटा पडत नाहीं. परंतु वरील गृहस्थांसारखा रुग्ण माळेच्या भरंवशावर दोन महिने राहिला तर जें अर्बुद काढतां आलें असतें तें काढण्यापलीकडे गेलेलें असतें. अशा घरच्या मंडळींची समजूत कोण घालणार? 'कावीळ म्हणजे अमुक लक्षणें' एवढेंच पाठ केलेला डॉक्टर नव्हे. लघवी अशी कां आणि मळ असा कां, हें ज्याला त्यांच्या भाषेंत सांगतां येतें, त्याचेंच म्हणणें पटतें.

हे तुकडे एकत्र असावेत हा विचार नवा नाहीं. केवळ शास्त्र जाणणारा अथवा केवळ कर्म जाणणारा वैद्य हा एका पंखाच्या पक्ष्यासारखा होय, असें सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत सांगितलें आहे. युरोपांत अठराव्या शतकाच्या आरंभीं हॉलंडमधील लायडन येथें बुऱ्हाव हा विख्यात अध्यापक अवघ्या बारा खाटांच्या बळावर शिकवीत असे. सहा पुरुषांच्या आणि सहा स्त्रियांच्या. रुग्ण दगावला तर त्याचें शवविच्छेदन करून, जिवंतपणीं दिसलेल्या लक्षणांचें कारण आंत काय होतें, हें तो शिष्यांना दाखवी. बारा खाटा आणि एक अध्यापक. तेथें विषय वेगळे होण्याचा प्रश्नच नव्हता, कारण सारे विषय एकाच डोक्यांत होते.

विषय वेगळे झाले ते ज्ञान वाढल्यामुळें. एकोणिसाव्या शतकांत, विशेषतः जर्मनींत, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या. एकेका विषयाला आपला प्राध्यापक, आपली इमारत, आपलें नियतकालिक मिळालें. ज्याचें घर वेगळें त्याची चूलही वेगळी, या न्यायानें अभ्यासक्रमांतही प्रत्येकानें आपापल्या नांवाचे तास लावून घेतले.

या व्यवस्थेला पक्कें रूप मिळालें अमेरिकेंत, १९१० सालीं. त्यावर्षीं कार्नेगी प्रतिष्ठानानें अमेरिका आणि कॅनडा या देशांतील वैद्यकीय शिक्षणावरील एक अहवाल प्रसिद्ध केला. तो लिहिणारा अब्राहम फ्लेक्स्नर हा डॉक्टर नव्हता. केंटकी संस्थानांतील लुइव्हिल गांवीं शाळा चालविणारा तो एक मास्तर होता. हें काम त्याला सांगण्यांत आलें तेव्हां, वैद्यकाच्या शाळेंत आपण कधीं पाऊलही टाकलेलें नाहीं, असें त्यानें प्रामाणिकपणें कळविलें होतें. डॉक्टरांच्या शिक्षणाची घडी शाळामास्तरानें बसवावी याचें आजही पुष्कळांना नवल वाटतें. परंतु मूल शिकलें आहे कीं नुसतें बोलत आहे, हें वर्गांत उभें राहून ज्यानें वर्षानुवर्षें ओळखलें, त्याला दुसऱ्या कोणाच्या वर्गांतही तें ओळखतां येतें. फ्लेक्स्नरनें एकूण १५५ वैद्यकीय शाळा पाहिल्या. त्यांतील पुष्कळ शाळा म्हणजे केवळ नफ्याचीं दुकानें होतीं. प्रयोगशाळा नांवालाही नाहीं, इस्पितळाशीं संबंध नाहीं, आणि फी भरणाऱ्याला प्रवेशाची मनाई नाहीं. त्यानें त्यांची नांवानिशीं हजेरी घेतली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाचा कित्ता त्यानें सर्वांपुढें ठेवला, आणि पहिलीं दोन वर्षें प्रयोगशाळेंत व पुढचीं दोन इस्पितळांत अशी मांडणी रूढ झाली. शेंकडों भोंदू संस्थांच्या काळांत ही शिस्त उपकारकच ठरली. तिची झळ मात्र सर्वांना सारखी लागली नाहीं. कृष्णवर्णीयांसाठीं असलेल्या सात शाळांपैकीं पांच पुढें बंद पडल्या, आणि त्या समाजाला डॉक्टरांची जी उणीव भासली ती दीर्घ काळ टिकली.

गंमत अशी कीं, दोन वर्षांच्या त्या भिंतीचें खापर फ्लेक्स्नरच्या माथीं फोडलें जात असलें, तरी त्याचा हेतु तसा नव्हता. प्रयोगशाळेंत निरीक्षण करून तर्क बांधावयाचा आणि तो पडताळून पाहावयाचा, तीच रीत खाटेपाशींही चालते, असें त्याचें प्रतिपादन होतें. परंतु वेळापत्रकाचा हा गुणच आहे कीं, लिहिणाऱ्याचा हेतु विसरला जातो आणि रकाने तेवढे राहतात.

मुंबईंतील आरंभ या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ सालीं सुरू झालें आणि त्याला लागूनच जमशेटजी जीजीभाईंच्या देणगींतून उभें राहिलेलें इस्पितळ होतें. कॉलेजचे पहिले मुख्याध्यापक डॉ. चार्ल्स मोरहेड यांनीं एडिंबरो येथें शिक्षण घेऊन पॅरिसला लुई या प्रसिद्ध वैद्याच्या हाताखालीं काम केलेलें होतें. लुई हा तर रुग्ण मोजून, टिपून, मृत्यूनंतर शरीर उघडून पाहणारा गृहस्थ. इस्पितळ आणि कॉलेज हीं एकाच आवारांत, एकाच शिक्षकवर्गाच्या हातीं असलीं म्हणजे काय साधतें हें मोरहेड जाणून होते. १८५१ सालीं बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. पुढें विषय वाढले, विभाग वाढले, आणि येथेंही तीच भिंत उभी राहिली. पहिलें दीड वर्ष शारीरशास्त्र, इंद्रियविज्ञान आणि जीवरसायन. त्या अवधींत आजारी माणसाचें दर्शन बहुधा घडावयाचें नाहीं. डॉक्टर होण्याच्या ओढीनें आलेल्या अठरा वर्षांच्या मुलाला दीड वर्ष केवळ प्रेतें, बेडूक आणि परीक्षानळ्या दिसत. १९९७ च्या नियमांनीं हा काळ एक वर्षावर आणला. परंतु विषयांची वांटणी बहुतेक तशीच राहिली.

भिंत पाडण्याचा पहिला मोठा प्रयत्न ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड शहरीं झाला. तेथील वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठाच्या वैद्यकीय शाळेनें १९५२ सालीं विषयवार अभ्यासक्रम मोडून शरीराच्या संस्थांनुसार नवा अभ्यासक्रम सुरू केला. हृदय आणि रक्ताभिसरण हा एक भाग. त्यांत शारीर, इंद्रियविज्ञान, जीवरसायन आणि रुग्णवैद्यक यांचे शिक्षक एकत्र बसून काय शिकवावयाचें तें ठरवीत. अधिकार विभागांकडून काढून अशा मिश्र मंडळांकडे दिला, हीच खरी क्रांति; कारण विभागप्रमुखाच्या हातचे तास सोडविणें हें काम किती अवघड असतें हें कोणत्याही शिक्षणसंस्थेंत वावरलेल्या माणसास सांगावयास नको. विद्यार्थ्याला प्रयोगशाळेंत स्वतःची ठराविक जागा मिळाली. तो विषयामागून विषयाच्या खोल्या पालथ्या घालण्याऐवजीं निरनिराळे विषयच त्याच्या मेजाकडे येऊं लागले. आणि सर्वांत बोलकी गोष्ट ही कीं, पहिल्याच वर्षीं प्रत्येक विद्यार्थ्याकडे एक गरोदर स्त्री सोंपविली जाई. तिच्या घरीं जावयाचें, तिची विचारपूस करावयाची, प्रसूतीच्या वेळीं हजर राहावयाचें आणि पुढें त्या बाळाची वाढ पाहावयाची. गर्भाची वाढ हा धडा तो पुस्तकांत वाचीत असतांना त्याच्या ओळखीच्या एका स्त्रीच्या उदरांत तीच वाढ चाललेली असे.

कॅनडांतील हॅमिल्टन शहरीं मॅकमास्टर विद्यापीठानें १९६९ सालीं आणखी पुढची पायरी गांठली. वीस विद्यार्थ्यांच्या पहिल्या तुकडीला व्याख्यानें जवळजवळ नव्हतींच. लहान गट, एक मार्गदर्शक आणि एका रुग्णाची लेखी हकीकत. ती वाचून आपल्याला काय समजत नाहीं हें विद्यार्थ्यांनींच ठरवावयाचें, ग्रंथालयांत जाऊन शोधावयाचें आणि परत येऊन एकमेकांना समजावून द्यावयाचें. ही पद्धति पुढें हॉलंडमधील मास्ट्रिख्ट येथें आणि अन्यत्र पसरली. तिच्यावर आक्षेपही आले. कांहीं विद्यार्थ्यांच्या ज्ञानांत मोठीं भोकें राहतात, चांगला मार्गदर्शक नसेल तर गटांत नुसत्या गप्पा होतात, हे आक्षेप खरे आहेत. आणि जेथें वीसांऐवजीं दीडशे-दोनशे विद्यार्थी एका वर्गांत बसतात तेथें ही पद्धति जशीच्या तशी आणतां येत नाहीं, हेंही उघड आहे.

महाराष्ट्रांत याच १९६९ सालीं वर्ध्यानजीक सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नय्यर यांनीं महात्मा गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था सुरू केली. तेथील पहिल्या वर्षाचा विद्यार्थी आधीं आश्रमांत राहतो, नंतर आपल्या तुकडीनें दत्तक घेतलेल्या खेड्यांत शिबिराला जातो, आणि त्याच्याकडे सोंपविलेल्या कुटुंबांशीं पुढील वर्षांतही संबंध ठेवतो. क्लीव्हलंडची गरोदर स्त्री आणि वर्ध्याकडचें शेतकरी कुटुंब यांत अंतर पुष्कळ. पण पंडुरोगाचा धडा वाचण्याच्या सुमारास पंडुरोगी माणूस पाहिलेला असावा, हा हिशेब एकच. कुटुंब दत्तक घेण्याची ही कल्पना २०२२ पासून राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानें देशांतील सर्व महाविद्यालयांना लागू केली आहे.

समन्वय हा शब्द उच्चारावयास सोपा असला तरी त्याचे प्रकार आहेत. एकाच वर्षांतले विषय एकमेकांना जोडणें हा आडवा समन्वय; पहिल्या वर्षाच्या विषयाची शेवटच्या वर्षाच्या विषयाशीं गांठ घालणें हा उभा. स्कॉटलंडमधील डंडी येथील रोनाल्ड हार्डन यांनीं २००० सालीं अकरा पायऱ्यांची एक शिडी मांडली. तिच्या तळाशीं प्रत्येक विभाग शेजाऱ्याच्या अस्तित्वाचीही दखल न घेतां शिकवितो. मधल्या पायऱ्यांवर विभाग एकमेकांना विचारून वेळापत्रकें जुळवितात, कांहीं तास मिळून घेतात. आणि सर्वांत वर विद्यार्थ्यानें स्वतःच्या अनुभवांतून विषयांची नांवें विसरून ज्ञान एकवटलेलें असतें. प्रत्येक महाविद्यालयानें शेवटची पायरी गांठलीच पाहिजे असें नाहीं. पण तळाशीं राहणें मात्र कोणालाच परवडण्यासारखें नाहीं.

येथें एक फसवणूक फार सहज होते. सोमवारीं यकृताचें शारीर, मंगळवारीं यकृताचें जीवरसायन आणि बुधवारीं काविळीचा रुग्ण अशीं कार्डें शेजारीं शेजारीं लावलीं कीं समन्वय झाला, अशी पुष्कळांची समजूत असते. कॅनडांत निकोल वुड्स, जेफ्री नॉर्मन आणि त्यांचे सहकारी यांनीं केलेले प्रयोग या बाबतींत डोळे उघडणारे आहेत. त्यांनीं शिकणाऱ्यांचे दोन गट केले. एका गटाला रोगांचीं लक्षणें तेवढीं शिकविलीं. दुसऱ्या गटाला तींच लक्षणें, पण शरीरांतील कोणत्या बिघाडामुळें तीं उद्भवतात या कारणासह शिकविलीं. लगेच परीक्षा घेतली तेव्हां दोन्ही गट बरोबरीचे ठरले. आठवड्यानंतर पुन्हा परीक्षा घेतली तेव्हां पहिल्या गटाची रोग ओळखण्याची शक्ति घसरली होती, दुसऱ्याची मात्र बरीचशी टिकून होती. कारण समजलेलें असलें म्हणजे विसरलेलें लक्षण मनांत पुन्हा जुळवितां येतें. पुढें दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांवर केलेल्या अशाच एका प्रयोगांत आणखी एक गोष्ट दिसून आली. शास्त्र आणि लक्षणें हीं दोन्ही शिकविलीं, पण वेगवेगळीं मांडून, तर अपेक्षित लाभ होत नाहीं. लक्षण आणि त्याचें कारण एकाच दमांत, एकाच वाक्यांत जोडून सांगावें लागतें. म्हणजे जोड घालावयाची ती वेळापत्रकांत नव्हे, शिक्षकाच्या वाक्यांत आणि विद्यार्थ्याच्या डोक्यांत. शाळेंतही व्याकरणाचा तास वेगळा आणि वाचनाचा वेगळा ठेवल्यानें काय होतें, तें सर्वश्रुत आहे.

या प्रयोगांचा दुसराही एक अर्थ आहे, आणि तो समन्वयाच्या अति उत्साही पुरस्कर्त्यांनीं ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. रुग्ण लवकर दाखवावयाचा म्हणून मूलभूत शास्त्रांना कात्री लावली तर जोडण्यासारखें कांहीं उरतच नाहीं. अमेरिकेंत आणि इतरत्र अनेक शाळांनीं शास्त्रांचा काळ कमी केला, तेव्हां विद्यार्थी रुग्णाशीं गोड बोलावयास शिकले, पण कारणांच्या बाबतींत पोकळ राहिले, अशी तक्रार शास्त्रांच्या जुन्या शिक्षकांनीं केली. ती निव्वळ आपल्या तासांच्या मोहापोटीं केलेली होती असें म्हणतां येणार नाहीं.

ज्ञानाची वाट प्रयोगशाळेंतून खाटेकडे जाते तशी खाटेकडून प्रयोगशाळेकडेही येते, याचें एक सुंदर उदाहरण पुन्हा काविळीचेंच आहे. नवजात अर्भकाचें यकृत अपक्व असल्यामुळें बिलिरुबिनला आम्लाची जोड देण्याचें काम त्याला पुरेसें जमत नाहीं, आणि पुष्कळ बाळें जन्मानंतर दोन-तीन दिवसांत पिवळीं दिसूं लागतात. बहुतेकांची ही छटा आपोआप जाते. पण प्रमाण फार वाढलें तर तें द्रव्य मेंदूंत शिरून कायमचें व्यंग आणूं शकतें. १९५६ च्या सुमारास इंग्लंडांत एसेक्स परगण्यांतील रॉचफर्ड इस्पितळांत सिस्टर वॉर्ड नांवाच्या परिचारिका बाळांना उन्हांत नेत असत. एका बाळाचें अंग उन्हानें फिकें झालें असून झांकलेला भाग तेवढा पिवळा राहिला आहे, हें त्यांच्या नजरेस आलें आणि त्यांनीं तें डॉक्टरांना दाखविलें. पुढें त्याच इस्पितळांत, उजेडांत राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यांतील बिलिरुबिन कमी भरतें, हेंही आढळलें. डॉ. क्रीमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९५८ सालीं प्रकाशाच्या उपचारावरील निबंध प्रसिद्ध केला. प्रकाशामुळें त्या द्रव्याच्या रेणूचा आकार असा बदलतो कीं यकृताच्या जोडीवांचूनच तें शरीराबाहेर टाकलें जातें, हें त्यामागील रसायन नंतर उलगडलें. आज प्रसूतिगृहांतील निळ्या दिव्याखालीं डोळ्यांवर पट्टी बांधून ठेवलेलें बाळ कित्येक घरांनीं पाहिलेलें आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हा दिवा एकदां दाखवून मग बिलिरुबिनचें सूत्र फळ्यावर लिहिलें तर तें सूत्र त्याला परकें वाटणार नाहीं.

भारतांत २०१९ सालीं प्रवेश घेतलेल्या तुकडीपासून एम.बी.बी.एस.चा नवा आराखडा लागू झाला. आरंभीं पायाभूत वर्ग. पहिल्या टप्प्यापासूनच रुग्णांशीं परिचय. निरनिराळ्या विषयांचे धडे एकाच सुमारास यावेत अशी जुळणी. आणि रुग्णाशीं वागणें, बोलणें व नीति यांचे स्वतंत्र पाठ, अशी त्याची रचना आहे. कागदावर हा आराखडा चांगलाच आहे. अडचणी आहेत त्या कागदाबाहेर. ज्या महाविद्यालयांत मूलभूत शास्त्रांना पुरेसे शिक्षक मिळत नाहींत तेथें वॉर्डांतील शिक्षकाबरोबर मिळून तास घेणार कोण? ज्या इस्पितळाच्या बाह्यरुग्णविभागांत सकाळीं डॉक्टरापुढें शंभर माणसांची रांग उभी आहे, त्याला पहिल्या वर्षाच्या मुलाशीं पांच मिनिटें बोलण्याची उसंत कोठून मिळावी? कांहीं ठिकाणीं रुग्णांशीं परिचय म्हणजे व्याख्यानगृहाच्या पडद्यावर रुग्णाचें छायाचित्र दाखविणें, एवढ्यावरच भागविलें जातें.

आणि सर्वांत मोठी अडचण परीक्षेची. विद्यार्थी शिक्षक सांगतो तें शिकत नाहीं, परीक्षक विचारतो तें शिकतो. ही गोष्ट पहिलीच्या वर्गापासून खरी आहे. पहिल्या वर्षाच्या शेवटीं शारीर, इंद्रियविज्ञान आणि जीवरसायन यांच्या प्रश्नपत्रिका निरनिराळ्याच राहिल्या आहेत. पुढें पदव्युत्तर प्रवेशाची परीक्षा चार पर्यायांतून एक निवडण्याची असल्यामुळें वॉर्डांत काम शिकण्याच्या शेवटच्या वर्षींही कित्येक विद्यार्थी खाटेपाशीं उभे राहण्याऐवजीं शिकवणीच्या टिपणांत डोकें खुपसून बसतात. त्यांना दोष देण्यांत अर्थ नाहीं. घरच्यांनीं कर्ज काढलेलें असतें आणि जागा थोड्या असतात. 'बिलिरुबिनला यकृतांत कोणतें आम्ल जोडलें जातें?' असा प्रश्न घालणें सोपें, तपासणें त्याहून सोपें. 'साठ वर्षांच्या या गृहस्थांची लघवी गडद आणि मळ पांढरा कां, आणि शस्त्रक्रियेपूर्वीं त्यांना कोणतें जीवनसत्त्व द्यावें व कां?' असा प्रश्न घालावयाचा तर तीन-चार विभागांच्या परीक्षकांना एका मेजाभोंवतीं बसून आधीं आपसांत उत्तर ठरवावें लागतें. ज्या महाविद्यालयांत असे परीक्षक एकत्र बसूं लागले आहेत तेथें वॉर्डांतील शिक्षकाच्या प्रश्नाला खाटेच्या पायथ्याकडून कोणीतरी उत्तर देऊं लागलें आहे.